पाच वॉट आणि वांद्र्याचा गोंगाट

वांद्र्यातून युरोपपर्यंत पोचायला अर्धा वॉटही पुरतो. संध्याकाळची वेळ साधली, वीस मीटरचा पट्टा उघडा असला आणि गच्चीवर दहा मीटर तार नीट ताणलेली असली, की खिशात मावणाऱ्या प्रक्षेपकातून निघालेला संकेत ग्रीस, इटली, कधी थेट इंग्लंड गाठतो. कठीण आहे ते तिथून आलेलं उत्तर वांद्र्यात बसून ऐकणं. हौशी रेडिओत कमी शक्तीवर काम करणाऱ्या माणसाला या उपनगरात अंतराचं फारसं भय नसतं. त्याला नडतो तो आपल्याच इमारतीतला, गल्लीतला आणि घरातला विजेचा गोंगाट. कानांना तो ऐकू येत नाही, रेडिओला येतो. चार्जर, एलईडी दिवे, लिफ्ट, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, सगळ्यांची मिळून एक अखंड घरघर या हवेत भरून राहिलेली आहे. मैदान किंवा समुद्रकिनारा जसा सगळ्यांचा असतो तशी रेडिओलहरींची शांतताही सगळ्यांची असते, आणि मुंबईत ती फार वेगाने संपत चालली आहे, असं माझं या छंदातून बनलेलं ठाम मत आहे.

आधी छंदाबद्दल थोडं. हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, चालवायला भारत सरकारचा परवाना लागतो. बारा वर्षांपुढच्या कोणालाही परीक्षा देता येते. तांत्रिक प्रश्न असतात, नियम असतात, आणि मी परीक्षा दिली तेव्हा वरच्या श्रेणीसाठी मोर्सही यावा लागे. मुंबईकरांचा या कामासाठी संबंध येतो तो बोरिवलीच्या गोराई रोडवरच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनशी. उत्तीर्ण झालं की व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारं संकेतनाम मिळतं आणि त्यानंतर जगभरच्या हौशी मंडळींशी ठरावीक पट्ट्यांवर बोलता येतं. धंद्याचं बोलायचं नाही, गुप्त सांकेतिक भाषेत बोलायचं नाही, एवढं पथ्य. सरकारी तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली तेव्हा मोर्स संपला असं अनेकांनी लिहिलं. तो संपला नव्हता. त्याच रात्री ७ आणि १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस आणि वीस मीटरच्या पट्ट्यांवर, तो नेहमीसारखा चालू होता, आजही आहे.

वरच्या श्रेणीच्या परवान्याला ४०० वॉटपर्यंतची मुभा आहे. तरी जगभर हजारो माणसं आपणहून पाच वॉटवर थांबतात. मोर्ससाठी पाच वॉट, आवाजासाठी शिखरशक्ती दहा वॉट, ही कमी शक्तीची सर्वमान्य मर्यादा. इंग्लंडमध्ये जॉर्ज डॉब्ज नावाच्या पाद्र्याने १९७४ साली या मंडळींचा क्लब काढला आणि त्याच्या छोट्याशा त्रैमासिकातून जगातल्या कितीतरी लोकांना स्वतःच्या हाताने रेडिओ बनवायला शिकवलं. स्वस्ताई हे या मर्यादेचं एक कारण, पण खरं कारण गणितात आहे. रेडिओवर संकेताचं बळ ज्या पायऱ्यांनी मोजतात, त्यातली एक पायरी चढायला शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे १०० वॉटऐवजी ५ वॉट वापरले तर शक्ती विसाव्या हिश्श्यावर येते, पण पलीकडच्या माणसाच्या मीटरवरचा काटा जेमतेम दोन पायऱ्या उतरतो. पलीकडे शांतता असेल तर त्याला काही फरक पडत नाही. गोंगाट असेल तर तुमच्या ४०० वॉटचाही तितकासा उपयोग नाही. शहरात मोठ्या शक्तीचा सेट घेऊन बसणारा माणूस सगळ्यांना ऐकू जातो, पण त्याला हाक मारणारे दुबळे आवाज त्याच्या स्वतःच्या घरातल्या खरखरीत बुडून जातात. मला तो व्यवहार एकतर्फी वाटतो.

थोड्या शक्तीत खंड ओलांडण्याचं लघुलहरींचं हे सामर्थ्य हौशी लोकांनीच जगाला दाखवलं, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांब पल्ल्याला लांब लहरीच लागतात असा तज्ज्ञांचा पक्का समज होता. अमेरिकेने १९१२च्या कायद्यात हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखाली ढकललं. तो भाग निरुपयोगी मानला जात होता. या मंडळींनी त्या टाकाऊ तुकड्यात इतक्या चिकाटीने खुडबुड केली, की नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीसहून लेऑन देलॉय यांनी ११० मीटरच्या आसपास अमेरिकेशी दुतर्फा संभाषण केलं. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा विद्यार्थी न्यूझीलंडमधल्या मेंढपाळीच्या एका मळ्यावर बसलेल्या फ्रँक बेल यांच्याशी बोलला. पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. हाच गॉयडर १९३६ साली ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला. १९३८मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांत लघुलहरी केंद्रं उभी राहिली ती त्याच्या कारकिर्दीत. हा सगळा देश थोड्या खर्चात कवेत घ्यायचा तर लघुलहरींना पर्याय नाही, हे ज्याने शाळेत असताना स्वतः अनुभवलं होतं, त्याच्या हाती ते काम आलं, ही मोठी भाग्याची गोष्ट.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं पहिलं नियमित नभोवाणी केंद्र सुरू झालं. मध्यम लहरी, दीड किलोवॉट शक्ती, आणि खात्रीने ऐकू येण्याचा पल्ला तीस मैलांच्या आसपास. त्याच्या कित्येक हजारपट कमी शक्ती आज वांद्र्याच्या गच्चीवरून खंड ओलांडते. लहर बदलली, ऐकण्याची कला बदलली, म्हणून.

कमी शक्तीचा सेट विकतही मिळतो, पण तो घरी बनवण्यात जी समज येते ती विकत मिळत नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला बिटएक्स नावाचा सेट मांडला, तेव्हा त्यांनी एकच अट स्वतःला घातली होती: भारतातल्या कुठल्याही बऱ्या शहरात मिळतील तेच भाग वापरायचे. गुंडाळीसाठी परदेशी गाभे मिळत नाहीत, तर नळाचे नायलॉनचे वायसर वापरा. शेवटच्या टप्प्यात रेडिओसाठी बनवलेला महागडा ट्रान्झिस्टर नाही, तर पॉवर सप्लायमध्ये स्विचसारखा वापरला जाणारा स्वस्त आयआरएफ५१०. त्यातून सहा-एक वॉट निघत. हा आराखडा जगभर पसरला. भारतीय हौशी रेडिओने जगाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे असं मी मानतो, आणि आपल्याकडे रेडिओबाहेर ती फारशी कोणाला माहीत नाही याची खंत वाटते.

मुंबईत सुट्या भागांसाठी पाय वळतात ते लॅमिंग्टन रोडकडे. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी तिकडे कोणी तसं म्हणत नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला आलं की दुकानं सुरू होतात. मोबाइलचे भाग आणि सीसीटीव्ही कॅमेरे यांनी दर्शनी काउंटर व्यापले आहेत, पण आतल्या गाळ्यांत अजून रेझिस्टरच्या पट्ट्या, मायका कपॅसिटर, इनॅमल चढवलेली तांब्याची तार वजनावर मिळते. तिथले जुने दुकानदार गिऱ्हाइकाने नुसतं मूल्य सांगितलं तरी पुढचा प्रश्न विचारतात, "कशाला लावताय? आरएफला? मग हा नको, तो घ्या." ती विद्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

त्या तांब्याच्या तारेचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्रक्षेपकातून मूळ लहरीबरोबर तिच्या दुपटी-तिपटीच्या नको त्या लहरीही निघतात. त्या अडवायला शेवटी एक गाळणी लागते, आणि गाळणीचा जीव असतो लोहचूर्णाच्या कड्यावर गुंडाळलेल्या तारेत. वीस मीटरसाठी मी पिवळं कडं घेतो, व्यास साडेनऊ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहूनही लहान. तार कड्याच्या भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून किती वेळा दिसते ते मोजायचं नाही, आतून किती वेळा गेली ते मोजायचं. सोळा वेढे दिले की पाऊण मायक्रोहेन्रीच्या आसपास प्रेरकता मिळते. मग वेढे नखाने जवळ सरकवले की ती थोडी वाढते, फाकवले की कमी होते. मीटर लावून, नखाने सरकवत, बरोब्बर जागेवर आणायचं. तारेची टोकं ब्लेडने खरवडून इनॅमल काढायचं, टोकावर शिसं धरलं की तांबं चंदेरी होतं. इथे घाई केली तर सांधा वरून चकचकीत दिसतो आणि आतून सुटाच राहतो. दोन-तीन कडी अशी बसली की पाच वॉट स्वच्छ निघतात आणि शेजाऱ्याच्या टीव्हीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग अँटेना. वांद्र्यातल्या चार मजली जुन्या इमारती या छंदाला मानवणाऱ्या. गच्ची मोकळी, पाण्याच्या टाकीचा चौथरा उंच, आणि सेक्रेटरी ओळखीचे. "वायर कसली? करंट येणार नाही ना?" हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत येतो, आणि त्याला नीट, सविस्तर उत्तर द्यावं, टोलवू नये. एका टोकाने जोडलेली अर्ध्या लहरीची तार, वीस मीटरसाठी सुमारे दहा मीटर, चाळीससाठी वीस मीटर. जोडणीपाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर. बारीक काळी तार वापरली तर आकाशासमोर ती दिसतही नाही. आता या इमारती एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. नव्या टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं, आणि बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत तार टांगायला नियमावलीची परवानगी लागते. छंद करणाऱ्याच्या दृष्टीने उपनगराचं हे रूपांतर फार मोठं आहे.

समुद्र जवळ असल्याचे फायदे-तोटे दोन्ही. खारं पाणी लहरींना उत्तम परावर्तक आहे. पश्चिमेला, अरबी समुद्रावरून क्षितिजाला घासून जाणारा संकेत इथून जितका सहज निघतो तितका नाशिक-नगरहून निघत नाही. बँडस्टँडच्या काळ्या खडकांवर, जिथे पोर्तुगीजांनी १६४० साली बांधलेल्या किल्ल्यातून माहीमच्या खाडीवर नजर ठेवली जायची, तिथे हातात मावणारा लघुलहरी संच घेऊन उभं राहिलं तर आखाती देशांतली केंद्रं घरापेक्षा कितीतरी स्वच्छ येतात. निम्मं श्रेय पाण्याचं, निम्मं घरांपासून दूर असण्याचं. तोटा हा, की तीच खारी हवा कनेक्टर खाते. पितळेवर हिरवा थर, को-ॲक्स केबलच्या जाळीत पाणी, तार वर्षभरात काळी. पावसाळ्याआधी सगळे सांधे उघडून, पुसून, रबरी टेपने पुन्हा बंद करणं हा आमचा कौलं शाकारण्याचा काळ. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या विजा सुरू झाल्या की ७ मेगाहर्ट्झवर कडकडाटाशिवाय काही ऐकू येत नाही आणि अँटेना सेटपासून सोडवून ठेवावी लागते.

आकाशाचं वेळापत्रक मात्र या छंदाने जसं शिकवलं तसं कशानेच नाही. लघुलहरी वर जाऊन अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या आयनांच्या थरावरून खाली वळतात. त्यामुळे वीस मीटरवर वांद्र्याहून रोम ऐकू येतं आणि सव्वाशे किलोमीटरवरचं पुणे येत नाही. पुणं त्या उडीच्या आतल्या मुक्या पट्ट्यात पडतं. पुण्याशी बोलायचं तर चाळीस मीटर, आणि तेही भर दिवसा. सूर्य मावळला की सर्वांत खालचा, दिवसा लहरी शोषून घेणारा थर काही मिनिटांत विरतो, वरचा टिकून राहतो, आणि लहरी अचानक दूर जाऊ लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या आसपास, हा काळ सर्वांत सुरेख असतो. पाऊस गेलेला, विजा थांबलेल्या, आणि सूर्य विषुववृत्ताजवळून नुकताच दक्षिणेला सरकलेला.

हे सगळं मोजायचं साधन एका खगोलशास्त्रज्ञाने दिलं. जोसेफ टेलर यांना द्वैती पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३चं नोबेल मिळालं. ते लहानपणापासून हॅम. अवकाशातले क्षीण संकेत गोंगाटातून उपसून काढण्याची रीत त्यांनी हौशी रेडिओकडे वळवली आणि २००८ साली डब्ल्यूएसपीआर ही पद्धत आणली. त्यात प्रक्षेपक जवळजवळ दोन मिनिटं एकच छोटा संदेश पाठवतो: संकेतनाम, नकाशावरचा चौकोन आणि शक्ती. संपूर्ण संदेशाला फक्त ६ हर्ट्झ रुंदी. नेहमीच्या अडीच हजार हर्ट्झच्या खिडकीतल्या गोंगाटाच्या सहाशेव्या हिश्श्याइतका संकेत असला, तरी संगणक तो वाचतो. जगभरचे ऐकणारे आपापल्या नोंदी एका जागी टाकतात. वांद्र्याचा चौकोन एमके६९. कुलाबा-फोर्टचा एमके६८, कारण १९ अंश अक्षांशाची रेघ परळ-वरळीच्या आसपास मुंबईला आडवी छेदते. एका पंचमांश वॉटवर हा संदेश सोडून ठेवला की दिवसभरात नकाशा आपोआप भरतो. सकाळी ऑस्ट्रेलिया, दुपारी ओमान, संध्याकाळी ग्रीस-इटली, रात्री रीयुनियन बेट. पाहताना माणूस भारावून जातो. तरी संभाषण म्हणून मला आजही मोर्सच प्यारा. संगणकाच्या पद्धतींनी आकाश समजतं, माणूस समजत नाही. कळ दाबण्याच्या ढंगावरून ओळखीचा हात ओळखता येतो, हे सुख नोंदींच्या तक्त्यात नाही.

कधी आकाशच बंद होतं. ११ मे २०२४च्या सकाळी लघुलहरींचे वरचे पट्टे ओस पडले होते. आदल्या रात्रीपासून वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ चालू होतं. लडाखमधल्या हानलेहून तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला तो याच वेळी. या वादळात विषुववृत्तीय पट्ट्यातलं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० नॅनोटेस्लाने खाली आलं. आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी, कॅरिंग्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादळात, कुलाब्याच्या वेधशाळेने टिपलेली घसरण होती सुमारे १६०० नॅनोटेस्ला.  आजही शास्त्रज्ञ त्या वादळाचा अंदाज बांधताना कुलाब्याच्या वहीकडेच येतात.

या वेधशाळेचं पुढे काय झालं ते माझ्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ठरत आलं होतं. ट्रामच्या रुळांतून वाहणारा प्रवाह चुंबकीय मापनं बिघडवणार, हे वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय फ्रामजी मूस यांनी वेळेआधी ओळखलं. त्यांनी खाडीपलीकडे, तीसेक किलोमीटरवर अलिबागला नवी वेधशाळा उभारली. बांधकामात चुंबकीय गुण नसलेला दगड वापरला. १९०४पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या आणि १९०६पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे बरोबरीने घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडता यावी. विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ला. शहर गोंगाट करणार हे आधी ओळखून, त्यासाठी दोन वर्षं दुहेरी काम करून, विज्ञानाचे कान शहराबाहेर नेणारी ही दूरदृष्टी विलक्षण आहे. पुढे गोविंद स्वरूप यांनी कल्याणजवळ १९६५मध्ये भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली, आणि अखेर ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची महाकाय दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला गेली, त्यामागेही माणसाने केलेला रेडिओगोंगाट तिथे कमी, हे एक मोठं कारण होतं.

वांद्र्यातल्या घराला अलिबागला नेता येत नाही. म्हणून गोंगाट शोधत फिरावं लागतं. त्याची रीत साधी आहे. आधी सेट बॅटरीवर चालवायचा आणि घराचा मुख्य स्विच बंद करायचा. खरखर जितकी उतरली तितकी आपली स्वतःची. मग एकेक स्विच चालू करत जायचं. मोबाइलचा स्वस्त चार्जर पट्टाभर ठरावीक अंतराने उंचवटे उभे करतो, आणि चार्जर तापेल तसे ते सावकाश सरकतात. एलईडी दिव्याच्या आतलं सर्किट जाडसर गुंजारव करतं. लिफ्टची नव्या पद्धतीची मोटर गुरगुरते, मजला आला की थांबते. कान सरावला की कोण कितव्या मजल्यावर उतरलं ते कळतं. जवळ जायला साधा मध्यम लहरींचा पॉकेट रेडिओ पुरतो. दोन केंद्रांमधल्या रिकाम्या जागी लावायचा आणि जिन्यातून, मीटरच्या खोलीतून, गच्चीवरून हिंडायचं. एकदा सगळ्यात मोठा आवाज आला तो जिन्यातल्या एका नव्याकोऱ्या दिव्याखाली. दिवा नऊ वॉटचा, म्हणजे माझ्या प्रक्षेपकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्याच्या आतली गाळणी बनवणाऱ्याने वाचवलेली. दिवा बदलला, त्या जिन्यापुरता पट्टा स्वच्छ झाला. वायरीभोवती फेराइटची कडी बसवणं, वायर त्यातून चार-सहा वेढे फिरवणं, यानेही बराच फरक पडतो. वाईट सर्किट आणि चांगलं सर्किट यांत फरक काही रुपयांचा असतो. तो फरक कारखान्यात वाचतो आणि सगळ्या वस्तीच्या हवेत फेडला जातो.

पूर्वी गोंगाट नव्हता असं नाही. आजच्या पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी ५ जानेवारी १९२८पासून विजेवर बोरिवलीपर्यंत जाऊ लागली, म्हणजे वांद्र्याच्या हवेत ठिणग्या जवळजवळ शंभर वर्षं उडताहेत. पण गाडीची ठिणगी येते आणि जाते. आताचा गोंगाट थांबत नाही.

तो एकदा थांबला. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज एकाएकी गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. माझा रिसीव्हर बॅटरीवर होता, चाळीस मीटरवर लावलेला. खरखर एकदम खाली गेली, इतकी, की क्षणभर अँटेनाची तार तुटली असं वाटलं. मग त्या खालून आवाज वर आले. पुण्याच्या बाजूची मंडळी, गोव्याकडचा कोणी, गुजरातचे दोघे, मोर्समध्ये कमी शक्तीवर चाललेलं कोणाचं तरी निवांत बोलणं. ते सगळे रोजच तिथे असणार. वांद्र्यापर्यंत रोजच पोचत असणार. एवढी माणसं आपल्यापर्यंत येऊन परत जातात, हे त्या सकाळी मला पहिल्यांदा पुराव्यानिशी कळलं. वीज टप्प्याटप्प्याने आली तशी खरखर टप्प्याटप्प्याने चढली, एकेक करून माणसं बुडाली.

ज्या पट्ट्यावर मी ऐकत होतो त्याला या शहरात इतिहास आहे. १९३९मध्ये युद्ध सुरू झालं आणि सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द केले. ऑगस्ट १९४२मध्ये 'चले जाव'नंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालवलं. तांत्रिक बाजू सांभाळणारे नरिमन प्रिंटर मूळचे हॅम. शिकागो रेडिओ या कंपनीच्या नानिक मोटवानींनी सामग्रीला मदत केली. प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर होई. ही लांबी वारंवारतेत बदलली तर ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आज ज्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर भारतातले हौशी लोक बोलतात, बरोब्बर त्याच्या आत. दिशाशोधक गाड्यांना चुकवत जागा बदलत बदलत ते केंद्र १२ नोव्हेंबर १९४२च्या छाप्यापर्यंत टिकलं. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. हे केंद्र लोकांनी घरातल्या साध्या संचांवर ऐकलं. चार्जर नव्हते, एलईडी नव्हते. आजच्या वांद्र्यात तेच केंद्र, त्याच शक्तीने, त्याच पट्ट्यावर लागलं तर किती घरांत ऐकू येईल, हा प्रश्न मला सतावतो.

दिवाळीत या पट्ट्यावर एक वेगळाच गोंगाट येतो. विजेच्या माळांचा. चमचमणाऱ्या स्वस्त माळेतला छोटा काळा डबा चाळीस मीटरवर सलग टरटर करतो, आणि वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, म्हणजे आकाश सर्वांत मोकळं असतं नेमक्या त्याच काळात, ती टरटर गल्लीभर असते. मी इमारतीत दोघा-तिघांना दाखवलं: हा रेडिओ, ही तुमची माळ, आता बंद करा, आता चालू करा. शेजारच्या काकूंनी स्वतः दोनदा बटण दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, एवढीशी माळ एवढा आवाज करते?" पुढच्या वर्षी त्यांनी न लुकलुकणारी, साध्या ट्रान्सफॉर्मरवरची माळ आणली. कोणाची रोषणाई बंद करण्याची गरज नसते. चांगली वस्तू कोणती ते सांगितलं आणि दाखवलं की लोक ती घेतात. दिव्यांना आणि चार्जरना लहरींच्या उत्सर्जनाची मर्यादा असते. बाजारात येणारा प्रत्येक माल ती पाळतो का, हे तपासणाऱ्या यंत्रणेने हे काम जास्त कसून करावं, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

माझे काही हॅम मित्र दुसरा मार्ग धरू लागले आहेत. प्रक्षेपक मुंबईत, आणि ऐकायला कर्जत-अलिबागकडे कोणाच्या तरी शेतघरात रिसीव्हर. दोन्ही इंटरनेटने जोडलेले. मूस यांनी केलं तेच, शंभर-सव्वाशे वर्षांनी. त्यांना स्वच्छ ऐकू येतं आणि त्यांचा आनंद खरा आहे. मला तो मार्ग घ्यावासा वाटत नाही. मोठ्या स्पर्धांच्या नियमांत एका केंद्राचे सगळे प्रक्षेपक-रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असावे लागतात, पण ते कारण दुय्यम आहे. वांद्र्याचे कान अलिबागला गेले की वांद्र्यात जिन्यातला दिवा बदलायला कोणी उरणार नाही. आमच्या गल्लीत अजून दोन लिफ्ट, एक नवा टॉवर आणि बरेच चार्जर बाकी आहेत. पॉकेट रेडिओचे सेल मी नुकतेच बदलले आहेत, आणि समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी रविवारी सकाळी मीटरची खोली उघडून देतो म्हणून सांगितलं आहे.